आण्णांची कंपनी

सोमनाथला ड्रम शिकवायची कुणाला गरज पडली नाही. त्याचे वडील मोतीराम, घरातले आण्णा, गोंधळी होते. देवीच्या गोंधळात ते कमरेला संबळ बांधून उभे राहिले की लोक घरी जायचं विसरायचे. लहानपणी सोमनाथ तुणतुणं घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहायचा. थोडा मोठा झाल्यावर आण्णांनी संबळ त्याच्याच कमरेला बांधलं होतं.

कॉलेजात मात्र त्याने हे कुणाला सांगितलं नाही. वर्गातल्या ललितच्या घरचे मखमलाबादला गुलाबाचे मळे होते. शरणपूरच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका सरांकडून तो गिटार शिकला होता. तेजस्विनीला तिच्या आईने लहानपणापासून शास्त्रीय गाण्याला घातलं होतं. तिघांचा रॉक बँड ललितच्या मळ्यातल्या शेडमध्ये सुरू झाला. सोमनाथचा ठेका ऐकून दोघं थक्क झाली. कुठे शिकलास, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, असंच, आपलं आपण. बाप दारोदार गोंधळ घालतो, हे त्या दोघांपुढे सांगायला त्याची जीभ रेटेना.

दोन हजार एक साली एका केबल चॅनलने तिघांना थेट मुलाखतीला बोलावलं. पंचवटीतल्या चाळीत शेजारच्या फुलाबाईंकडे टीव्ही होता. मोतीराम धुतलेली टोपी घालून सगळ्यांच्या पुढे बसले. आणखी चार घरांना त्यांनीच बोलावलं होतं. ललित बोलला, तेजस्विनी बोलली. मग निवेदिकेने सोमनाथला विचारलं, तुमच्या घरी संगीत होतं का?

"नाही, आमच्याकडे गाण्याबजावण्यातलं कुणीच नाही," सोमनाथ म्हणाला. "वडील अंबडला कंपनीत आहेत."

फुलाबाईंनी आवाज कमी केला. कुणी हसलं नाही. मोतीरामांनी कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला, पोरगा छान वाजवतो एवढं म्हणाले आणि घरी गेले.

आठवड्याने सोमनाथला भिंतीवरची संबळाची खुंटी रिकामी दिसली. आण्णांनी सिन्नरला जाऊन संबळ चुलतभावाला, खंडेरावला, देऊन टाकलं होतं. पुन्हा हात लावणार नाही, अशी देवीपुढे शपथ घेतली होती. आणि अंबडला एका कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन म्हणून लागले होते.

सोमनाथने त्यांचे पाय धरले. चॅनलवर जाऊन खरं काय ते सांगतो, असं तो परत परत म्हणत राहिला.

"कशाला?" आण्णा म्हणाले. "आता तू खोटा नाय. मी हाय कंपनीत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोमनाथला निदान माफी मागता आली असती.

शेवटी त्याने बँडमध्ये सगळं सांगून टाकलं. दोघं तुच्छतेने बघतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"एवढंच होतं?" तेजस्विनी म्हणाली. "अरे, आम्ही त्यांना ऐकायला आलो असतो."

त्यानंतर सोमनाथचा ठेका बसला नाही. वाजवता वाजवता हात मध्येच थांबायचे. ललितने खूप दिवस वाट पाहिली, मग तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बँड मोडला.

नवरात्रात चांदवडकडची जुनी घरं गोंधळाचं आमंत्रण घेऊन यायची. मोतीराम त्यांना दारातूनच खंडेरावचा पत्ता द्यायचे. सोमनाथची आई चंद्रभागाबाई तेवढा वेळ आत जाऊन बसायच्या. एकदा त्या लेकाला म्हणाल्या, "पूर्वी जेवताना त्यांची बोटं ताटावर वाजायची. मी ओरडायची. आता ते बी नाय."

पुढच्या वर्षी सोमनाथही अंबडला पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये लागला. दोघांची पाळी एक आली की बापलेक एकाच बसने जायचे. डब्यात काय आहे, साप्ताहिक सुट्टी कधी, बस का आली नाही, असं काहीबाही बोलणं व्हायचं. आण्णांचा स्टॉप आधी यायचा. ते टोपी सारखी करून उतरायचे, आणि सोमनाथ पुढे जायचा.