चला ना, अक्का

धरणगावात कलाबाई गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. त्यांची लेक सपना इस्रायलमधल्या हैफा शहरात एका आजारी म्हातारीची देखभाल करायची. ती व्हिडिओ कॉलवर बोलत असतानाच तिकडे भोंगा वाजला. क्षेपणास्त्रं येत होती.

"आई, तळघरात जायचंय, पण मिरियमबाई उठतच नाहीत," सपना म्हणाली. "रोज जिना उतरून थकल्या. मला म्हणतात, तू जा."

"मग?"

"त्यांना टाकून मी कशी जाऊ?"

तू एकटीच पळ, असं अगदी कलाबाईंच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांना बोलवेना. "फोन त्यांना दाखव," त्या म्हणाल्या. पांढऱ्या केसांचा, चिडलेला चेहरा समोर आला. कलाबाईंनी ओले हात जोडले.

"अक्का, मन्ही पोर तुम्हले सोडीसन जावाव नही. चला ना."

मिरियमबाईंना शब्द कळले नाहीत. त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी सपनाच्या खांद्याचा आधार घेतला. फोन बंद झाला.

कलाबाई उन्हात तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं फोन आला. तळघरात शेजाऱ्यांची गर्दी होती आणि मिरियमबाई सपनाला रेलून काहीतरी सांगत होत्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आईला सांग, उद्यापासून भोंगा वाजला की आधी मीच उठेन."

कलाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि दोघी जेवल्या का, ते विचारलं.