केरबाचं सदर

सकाळी ओठांना कुठली लाली लावावी ते लिहायचं, दुपारी कुस्तीत ढाक मारून समोरच्याची पाठ मातीला कशी लावतात ते लिहायचं, आणि संध्याकाळी हिमरूच्या शालीवर. हा माझा धंदा. चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत बसून तीन ठिकाणी लिहिते. शेजारच्या रत्नमालाकाकू म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." म्हणू देत. चिंध्या जोडूनच वाकळ होते.

लालीवर माझं नाव असतं, योगिनी. शालीवरही. कुस्तीवर मात्र माझ्या बापाचं, केरबा.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी पहिली कुस्ती लिहून पाठवली, तर खेळाच्या वेबसाइटचे संपादक इंद्रजीत सर फोनवर म्हणाले, "छान आहे, पण बाईच्या नावावर कुस्ती कोण वाचणार?" माझं डोकंच फिरलं. रागाच्या भरात खाली 'केरबा' टाकलं आणि दिलं धाडून. छापलं की! मग तेच चालू राहिलं. राग माझा, फजितीही माझीच.

अण्णांची, म्हणजे माझ्या बापाची, निम्मी उमर मेंढरांमागं गेली. आता वाळूजला कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. शाळेचं तोंड बघितलं नाही, सही तेवढी येते. पण तरुणपणी लई कुस्त्या मारलेल्या, त्यामुळं फडावर माझ्याशेजारी बसून डाव तेच सांगायचे. घरी येऊन मी लिहायचे आणि धाडायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचे. "पुन्यांदा वाच," म्हणायचे. चार-चारदा वाचायला लावायचे. मी वैतागायचे.

यंदा पाचोडच्या कुस्त्यांच्या कमिटीनं निरोप धाडला: लेखक केरबा यांचा जाहीर सत्कार. आता बोंबला!

"मी तिथंच सांगणार, की लिहिते मी," मी म्हणाले. "मला माझं नाव पाहिजे, अण्णा."

"सांग की. तुझंच हाय."

असं म्हणाले खरे, पण पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली आणि शिफ्टच्या बसमधल्या सगळ्यांना सत्काराचं सांगून आले. मग माझी जीभच उचलेना.

पाचोडला हलगी वाजली, फेटा बांधला, शाल-नारळ झालं. आई गेल्यापासून अण्णांचा चेहरा असा फुललेला मी बघितलाच नव्हता. खाली बसल्या बसल्या ठरवलं, जाऊ दे, राहू दे त्यांच्याच नावावर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लई वाईट वाटलं.

तेवढ्यात कमिटीतल्या म्हाताऱ्या वस्तादांनी एक छापील कागद त्यांच्या हातात दिला. "लेखक, आता एक लेख वाचून दाखवा!"

अण्णांनी कागद धरला. मी उठणार, तोच ते बोलायला लागले.

"धाकटा पैलवान आत आला तवा त्याच्याकडं कुणी बघितलं पण नाही..."

आणि मग अख्खा लेख. माझी वाक्यं, मी थांबते तिथंच थांबून. शब्द इकडचा तिकडं नाही. टाळ्या सुरू झाल्या तसा त्यांनी हात वर केला.

"ऐका. ह्यातलं म्या काय बी वाचलं नाय. मला वाचताच येत नाय. पोरगी वाचून दाखवायची, ते पाठ झालं. डाव म्या सांगतो, पर लिहिती ती. ती बघा, तिथं बसलीया. योगिनी नाव हाय तिचं."

सगळा फड वळून माझ्याकडं बघायला लागला. मी पदरात तोंड घालून रडत होते.

पुढचा लेख मी कुणाला न विचारता नाव बदलून धाडला. इंद्रजीत सरांनी पाचोडचा व्हिडिओ बघितला होता, मुकाट छापला. मी मोबाइल अण्णांसमोर धरला. 'योगिनी केरबा भाले.' सहीपुरतं ओळखीचं नाव शोधत त्यांचं बोट सरकलं आणि मधल्या शब्दावर थांबलं.

"हाय की मी. तुझ्या मागं."

"चालंल ना, अण्णा?"

"आगं, मेंढरं राखणारा मागंच चालतो. पुढं पळाला तर राखंल काय?"

मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पुन्यांदा वाच."