विल्फला घातलेली शिवी

इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या आमच्या वृद्धाश्रमात बोझेना पोलंडहून कामाला आली, तेव्हा शाळेत शिकलेलं स्वच्छ इंग्रजी घेऊन आली. पहिल्याच सकाळी विल्फ अ‍ॅक्रॉइड ओरडला, "माझा ब्लडी चहा कुठाय?" कुठे रक्त आलं की काय, म्हणून ती कापूस घेऊन धावली. इथला स्वयंपाक माझ्याकडे; स्वयंपाकघराच्या दारात मी हसून हसून बेजार.

विल्फ जुना खाणकामगार. खुब्याचं मोडलेलं हाड जुळलं होतं, पण पठ्ठ्या खुर्ची सोडेना. संध्याकाळी तो बोझेनाला 'डाफ्ट बगर' म्हणाला. तिने फोनवर अर्थ पाहिला, तो चांगलाच अश्लील निघाला, आणि लालबुंद होऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"हे मला म्हणालात? अर्थ ठाऊक आहे?"

"पुस्तकातला सोड गं. इथे म्हणजे वेडाबाई. मर्जीतल्या माणसालाच म्हणतो मी."

"आणि पाद्रीबाबांना म्हणाल?"

"छे! त्यांच्यापुढे साधं 'डॅम'सुद्धा नाही."

"मग मी तुम्हाला म्हटलं तर?"

"म्हणून तर बघ!"

ती म्हणाली नाही. कितीतरी दिवस अदबीने विनवायची, "मिस्टर अ‍ॅक्रॉइड, दोन पावलं टाकता का?" तो खिडकीकडे तोंड फिरवायचा. एका रविवारी जेवणाआधी तिचा धीर सुटला.

"ऊठ की रे, आळशी बगर!"

विल्फने तिच्याकडे टक लावून पाहिलं, खोकला येईपर्यंत हसला आणि तिचा दंड धरून उभा राहिला.

नेमकी तेव्हाच लंडनहून आलेली त्याची मुलगी मॅरियन दारात होती. ती तडक व्यवस्थापिका हारग्रीव्हबाईंकडे गेली. बोझेनाला बोलावणं आलं.

"माफी मागशील?"

"मॅरियनबाईंची मागते, त्यांच्या कानांवर पडलं म्हणून. विल्फची नाही. तो उठलाय."

तेवढ्यात वॉकर टेकत विल्फच आत आला.

"मॅरियन, तुझी आई रोज पहाटे मला हेच म्हणून खाणीवर पाठवायची. तू झोपलेली असायचीस. ती गेल्यापासून कुणी शिवी घातली नाही गं मला. सगळे आपले मिस्टर, मिस्टर!"

मॅरियनने पुढे होऊन त्याचा दंड धरला. हारग्रीव्हबाई म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर नको. एरवी तुमचं तुम्ही बघा."

मग बापलेक बागेत गेले, बोझेना दुसऱ्या बाजूने आधाराला. मांस केव्हाच भाजून तयार होतं, पण मी जेवणाची घंटा वाजवली नाही.