पंचफुलाबाईची हाक

"जीभ टाळूला लाव, अन् मंग सोड," पंचफुलाबाई म्हणाली. दीपमालाने जिभेने दोनदा टकटक केली आणि लांब हुर्रर्र ओढली. बांधापलीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या आणि सगळा कळप सुनेकडे वळला. सासूने डोळे मिटले. चला, हेही झालं, तिला वाटलं.

कुरुंद्याच्या शिवारात ज्याची त्याची हाक वेगळी. पंचफुलाबाईने आपली हाक आजवर कुणाला दिली नव्हती. नवरा नामाजी ओरडून घसा बसवून घेई, पण शेळ्या त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. मग तिच्या छातीत गाठ निघाली. नांदेडला सलाईन सुरू झाल्या, केस गेले, तोंड आतून सोलवटलं. घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढत नसे. गाठ म्हणायचे आणि विषय बदलायचे. ती पत्र्याकडे पाहत पडून राही. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. नुसता कंटाळा आला होता, स्वतःच्या असण्याचाच.

म्हणून तिने सुनेला हाक शिकवायला घेतली. बाईला उभारी आली, म्हणून नामाजी खूश होता. भोळा माणूस.

आजवर कुणाला न दिलेली हाक आत्ताच का दिली, हे दीपमालाला मात्र खटकलं. ती शेळ्या कोंडून आली आणि सासूचा हात धरून बसली.

"आत्या, तुमी जीव द्यायचं मनात आणून राहिल्या का?"

इतकं सरळ कुणी विचारेल असं पंचफुलाबाईला वाटलं नव्हतं. खोटं बोलायलाही ताकद लागते, ती तिच्यात उरली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "लई थकले गं पोरी."

दीपमालाचे डोळे भरले, पण तिने हात सोडला नाही. वसमतच्या दवाखान्यात तिने भिंतीवर एक नंबर वाचला होता, १४४१६, मन खचलेल्यांसाठी. फोन लावून तिने तो सासूच्या कानाशी धरला. पलीकडची बाई मराठीत बोलत होती. धीर धरा, देवाचं नाव घ्या, असलं काही तिने सांगितलं नाही. कधीपासून असं वाटतंय, झोप लागते का, एवढं विचारलं आणि निवांत ऐकून घेतलं. आत्ता जवळ कोण आहे, असंही विचारलं. "सून हाय," म्हणताना पंचफुलाबाईचा आवाज फुटला आणि गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा ती रडली.

नामाजीला सांगितलं तेव्हा त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग हिंगोलीला जाऊ म्हणाला. तिथल्या मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नांदेडच्या डॉक्टरांनाही हे सांगा म्हणाले, आणि बाईंना एकटं ठेवू नका असं बजावलं. थकवा काही गेला नाही. झोप लागू लागली, एवढंच.

एका संध्याकाळी दीपमालाने बांधावरून हाक दिली. टकटक नाही, हुर्रर्र तर अगदीच आखूड. शेळ्या चरतच राहिल्या. पुन्हा दिली, तीही तशीच.

पंचफुलाबाईने दारातून पाहिलं. एकदा जमलेली हाक अशी कुणी विसरत नसतं.

"काहून नाटक करून राहिली?"

"मला न्हाई येत," दीपमाला तिच्याकडे न बघता म्हणाली. "रोज तुमालाच यावं लागंल."

पंचफुलाबाई भिंतीला धरून उठली. तिने पाण्याने तोंड ओलं केलं आणि बांधापर्यंत आली. जीभ टाळूला लावताच झोंबली. पहिली हाक फुसकी गेली. दुसऱ्या हाकेला म्हातारी बांडी शेळी चरायची थांबली आणि मान वर करून पाहू लागली.