पांढरा बांध

"शी! वकारी येते नुसती!" म्हणत गिरजाबाई बांधावर थुंकली.

वडखळच्या पुढे खाडीकाठी तिचं शेत. सर्वपित्रीच्या उधाणापासून रोज भरतीला बांधातल्या चुनखडीच्या धोंड्यांमधून खारं पाणी आत शिरत होतं. वर्षाचं पोट ज्यावर, तो पोटरीला आलेला भात पिवळा पडला होता. गोड्या पाण्यातले मासे मरून वर आले होते आणि त्यांची घाण नाकात बसत होती.

इथले डोंगर काळ्या दगडाचे, त्यांच्या पायथ्याशी सगळा चिखल. चुनखडी या मुलखातली नव्हेच. ती पोलादाच्या कंपनीसाठी बार्जमधून येते. त्यातला टाकाऊ माल कंत्राटदाराने बांधाला फुकट देऊ केला आणि गाव हुरळलं. गावकीत पहिला हात वर केला तो गिरजाबाईने. जन्मभर बांधासाठी चिखल उपसून तिला त्याची शिसारी आली होती. लग्नात हळद लागली तरी नखांतला वास गेला नव्हता.

"या दगडाला आपल्या खाडीची वळख नाय गो," एवढंच तिचा नवरा सखा म्हणाला होता. सगळे हसले. तीही हसली. शिमग्यात सखा गेला.

"आये, घरी चल," कंपनीच्या गणवेशात आलेला प्रवीण म्हणाला. "अजून दोन डंपर टाकायला सांगतो."

"अजून दगूड? तुज्या बापाच्या वक्ताला घरटी एक मानूस चिखलात उतरायचा. लाज कशी वाटत नाय रं तुला?"

"माजी शिफ्ट हाय. न् त्या घाणीत कोन उतरल? घाण तूच म्हनायचीस ना?"

त्याचा, दगडांचा, सडक्या माशांचा तिला किळस आला. पण सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या वर गेलेल्या हाताचा.

प्रवीण गेला. तिने लुगडं खोचलं आणि ओहोटीच्या चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत रुतली. पूर्वी एकाने गोळा काढायचा आणि हातोहात तो बांधावर पोचायचा. रांगेत तिच्या डावीकडे सखा असायचा.

तिने दोन्ही हातांनी गोळा उपसला आणि सवयीने, न बघताच, डावीकडे पुढे केला.

कोणी घेतला नाही. चिखल तिच्या कोपरांवरून ओघळत राहिला.