कांचनाच्या पानांवर कात्री

आमचे आजेसासरे कोट शिवत. त्यांना सारे 'काजवाले' म्हणत, कारण त्यांच्या हातचा काज बटणाच्या आधी नजरेत भरे. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे सासरे, 'दोरेवाले'. कपड्याच्या आतल्या अंगाला एक दोरा लोंबता दिसला तर ते अख्खी शिवण उसवत आणि ज्याने ती घातली त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत. माझे यजमान 'पट्टीवाले'. मापाची पट्टी त्यांच्या गळ्यात लग्नाच्या फोटोतही आहे. ती काढा असे मी सांगितले नव्हते असे नाही.

या तिघांच्या पाठोपाठ आला आमचा बटण. अकराव्या महिन्यात त्याने एक शर्टाचे बटण गिळले. ते दुसऱ्या दिवशी परत मिळाले, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आज तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, मिशा राखून आहे, चार शाळांचे गणवेश शिवतो. हात उत्तम आहे. लक्ष मात्र लहानपणापासून खिडकीबाहेर.

खिडकीबाहेर आमचे मागचे अंगण. बारा पावले लांब, नऊ पावले रुंद, आणि तेव्हा त्यात परदेशी जातीचे गवत होते. त्याला रोज पाणी लागे आणि आठवड्याला कापणी. ते कुणी खात नसे, त्यावर कुणी बसत नसे. मी बसू देत नसे. एके दिवशी जेवताना बटणाने भीत भीत सांगितले की हे गवत काढावे आणि इथल्या मातीतली झाडे लावावीत: कांचन, रुई, अडुळसा, तेरडा, रानतुळस. परदेशी गवतावर एक अळी जगत नाही, म्हणाला, आणि चिमण्यांची पिल्ले दाण्यांवर नव्हे, अळ्यांवर वाढतात. अळ्यांची सोय व्हावी म्हणून कुणी अंगण मागतो हे मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते.

मी नाही म्हणणारच होते. पण त्याने ताटावरून मान वर केली नाही, आणि या मुलाने मागच्या तीस वर्षांत माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेले मला आठवेना. म्हणून मी अट घातली. शाळा उघडण्यापूर्वी गणवेश पोचते होतील, तोवर अंगण त्याचे. त्या दिवशी ते मला नीटनेटके दिसले नाही, तर तिथे फरशी घालून इस्त्रीच्या दोन टेबलांसाठी पत्र्याची शेड उभी राहील. सूनबाईंनी माझ्या पानात न मागता भात वाढला. त्यावरून त्या कुणाच्या बाजूला आहेत ते मला कळले.

बटणाने बाग लावली ती शिंप्याने लावावी तशीच. जुन्या वर्तमानपत्रांवर अंगणाचा कागदी नमुना कापला, खडूने आखणी केली, आणि प्रत्येक झाडाला वाढीसाठी चारी बाजूंनी दाब सोडला, जसा आपण पोराच्या विजारीला सोडतो. झाडांना त्याचे काही नव्हते. तेरडा पहिल्या महिन्यातच शिवणीबाहेर गेला. रानतुळस जिथे लावली तिथे आलीच नाही आणि जिथे पाऊल टाकायचे तिथे उगवली. मी रोज दुपारी जाऊन पाहणी करी आणि दोष सांगे, तो ते लिहून घेई.

पाखरे मात्र आली, हे मान्य केले पाहिजे. एक शिंपी पक्षी येऊन अडुळशाची दोन पाने शिवू लागला, तेव्हा बटणाला वाटले आता आई विरघळणार. मी चष्मा लावून ती शिवण पाहिली. टाके सैल होते, अंतर सारखे नव्हते आणि गाठ वरून दिसत होती. असे काम मी शिकाऊ माणसाकडूनही घेतले नसते, आणि हे मी त्या पक्ष्याच्या देखत सांगितले.

कुरतडलेल्या पानांचीही मला हळूहळू सवय झाली. पण मुदतीला पंधरा दिवस उरले असताना कांचनाच्या पानांवर जे दिसले ते कुरतडणे नव्हते. पानांच्या कडेने तुकडे कापून नेलेले होते. मी तेवीस पाने तोडून आणली, कापणीच्या टेबलावर ओळीने मांडली आणि बटणाला बोलावले. कापणी दोन मापांची होती: एक लांबट, एक गोल. गोल सारे एका मापाचे, शर्टाच्या बटणाएवढे. काठाला एक दात नाही, एक धागा सुटलेला नाही. सूनबाईंचे माहेर पाववाल्यांचे. त्यांनी विचारले, एखादा किडा असेल का. आम्ही दोघांनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्या चहा ठेवायला निघून गेल्या. किडा मापात खात नाही. चार पिढ्या कात्री धरणाऱ्या घराला कात्रीची खूण कळणार नाही तर कुणाला कळेल? बटणानेही पान उजेडासमोर धरले आणि मान डोलावली. बारीक पात्याची कात्री, म्हणाला, आणि हात बसलेला.

एवढी बारीक हत्यारे आमच्या गल्लीत एकाच घरात होती. भिंतीपलीकडे घड्याळजी राहत.

घड्याळजींचे आणि आमचे एकोणीस वर्षे बोलणे नव्हते. आमच्या सामाईक भिंतीच्या वळचणीला मधमाश्यांचे पोळे होते. गिऱ्हाइके घाबरतात म्हणून मी एका दुपारी माणूस लावून त्यावर औषध मारून घेतले. न विचारता. त्यानंतर घड्याळजींच्या लाल भोपळ्याच्या वेलावर फुले येत, पण फळ धरेना. तेव्हा ते भिंतीशी येऊन एकच वाक्य बोलले होते: "बाई, माझ्या माश्यांचं तुमच्याकडे येणं राहिलं." मी विचारले होते, पावती आहे का. त्यावर ते जे आत गेले ते गेलेच. तेव्हापासून भल्या सकाळी घड्याळ साफ करायचा कुंचला घेऊन ते नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलाला लावत, एकेक करून. मला खिडकीतून दिसे. मी पडदा ओढून घेई.

तेव्हा सूड म्हणून त्यांनी आमची पाने कापली, हा माझा निष्कर्ष सरळ होता. मी तेवीस पाने गणवेशाच्या खोक्यात घातली आणि त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि एकेक पान उलटून सुलटून पाहिले. मला उभे ठेवून.

"कुणी कापलं ते मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले, "पण बाई, हात तुमच्यापेक्षा चांगला आहे."

मी विचारले की हे त्यांचे काम नाही कशावरून. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. दोन वर्षे झाली, ते म्हणाले, आता हातघड्याळे घेत नाही, फक्त भिंतीवरची घेतो. आणि येणे वसूल करायचे असते तर पाने कशाला कापली असती, माणूस आपल्या वस्तूच्या बदल्यात आपलीच वस्तू मागतो.

मी खोके उचलून परत आले. ज्याला दाखवायला गेले त्याने मलाच दाखवून दिले होते, आणि असा राग घरच्यांवरच निघतो. मी बटणाला सांगितले की ज्या अंगणात कुणीही शिरून कात्री चालवतो ते अंगण मुदतीपर्यंत थांबणार नाही. सोमवारी फरशीवाला येईल. बटण 'बरं' म्हणाला. नुसते बरं. मग तो मशीनवर जाऊन बसला आणि त्या दिवशी त्याने एका शर्टाला दोन डाव्या बाह्या जोडल्या, ज्या सूनबाईंनी मला न दाखवता उसवल्या.

शनिवारी दुपारी मी स्वतः पहाऱ्याला बसले. खिडकीशी खुर्ची, मांडीवर बटणे लावायचे शर्ट, समोर कांचन. सूनबाईंना मागच्या दाराशी बसवले होते. बटण इस्त्री करत होता, किंवा करत असल्याचे दाखवत होता.

मी चवथ्या शर्टाच्या कॉलरशी पोचले तेव्हा कांचनावर एक माशी आली. मधमाशीएवढीच, पोटाला खालून केशरी लव. ती पानाच्या कडेवर स्वार झाली, पाय रोवले, आणि स्वतःभोवती वळत वळत जबड्याने कापत गेली. खूण नाही, खडू नाही, आधी मोजून पाहणे नाही. मी आठपर्यंत आकडे मोजले तोवर तुकडा सुटला आणि ती त्याच्यासकट हवेत होती. तुकडा पोटाखाली गुंडाळी करून धरलेला. ती सरळ माझ्या खिडकीकडे आली. माझ्या कोपराजवळ, कठड्यावर यजमानांच्या वेळची रिकामी लाकडी रिळे एकावर एक रचलेली आहेत. त्यांतल्या एका रिळाच्या भोकात ती शिरली. आत हिरव्या पानाचे अस्तर दिसत होते, एकावर एक चढवलेले, सुरकुती नसलेले. लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. हिशेब साधा होता आणि मला तो सुचला नव्हता.

मी हातातली सुई खाली ठेवली. असे काम मी आयुष्यात दोघांच्याच हातचे पाहिले आहे, आणि ती दोन्ही माणसे आज हयात नाहीत.

बटण केव्हा पाठीशी येऊन उभा राहिला ते कळले नाही. तो हळूच म्हणाला, मला ही माशी पुस्तकातून ठाऊक होती, पोळे करत नाही, एकटी राहते, अंडी घालायला पानांच्या कुप्या शिवते. मग आठ दिवस तोंड का उघडले नाही, असे मी विचारले.

"आई, खरं सांगू? मलाही कात्रीच वाटली. काठ पाहिला आणि पुस्तक डोक्यातून गेलं."

दाराशी बसलेल्या सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या इतक्या नीट काहीच बोलल्या नाहीत की मला त्यांना सांगावे लागले, तुमचे बरोबर होते. हे वाक्य आमच्या घरात क्वचित उच्चारले जाते. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

फरशीवाल्याला मी निरोप धाडून थांबवले, पण कायमचे काही म्हटले नाही. आधी एक काम उरले होते.

रविवारी पहाटे उजाडताच मी घड्याळजींच्या फाटकातून आत गेले. ते कुंचला घेऊन वेलापाशी वाकले होते. चुकत होते, हात हलला की पराग खाली सांडत होता. मी उभ्याउभ्याच सांगितले, कारण बसून सांगितले असते तर लांबले असते: "पानं माशीनं कापली. आळ मी घेतला, चूक माझी. आणि त्या माश्याही मीच मारल्या."

त्यांनी कंबर सरळ केली. "पानांचं सोडलं," ते म्हणाले. "माश्यांचं नाही सोडणार."

सोडा असे मी म्हटलेच नव्हते. किती माश्या, ते सांगा, मी म्हणाले. माश्या कधी कुणी मोजल्या आहेत का, असे ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी भोपळ्यांचे माप काढले. पोळे होते तेव्हा एका हंगामात वेलावर अकरा धरत. कुंचला न लावता अकरा धरले की येणे फिटले.

मी घरी आले आणि बटणाला सांगितले की अंगण अपुरे पडते, गल्लीकडच्या भिंतीलाही झाडे लाव. फरशीचे काय, त्याने विचारले. फरशीखाली माश्या राहत नाहीत, मी म्हणाले, आणि मला माश्या देणे आहे. इस्त्रीचे दुसरे टेबल माझ्या खोलीत येऊ दे. तो बाहेर पळाला तो फावडे घेऊनच, गळ्यात पट्टी तशीच.

पुढचे दोन महिने मी गणवेशांच्या हंगामात कधी केले नाही ते केले: काम दुसऱ्यांवर सोपवले. बटणाने लाकडाच्या ओंडक्यांना भोके पाडली, दोन ओंडके मी घड्याळजींच्या भिंतीवर नेऊन टांगले. रुईवर काळे भुंगे आले, रानतुळशीवर बारीक माश्यांचा घोळका. रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी भिंतीशी जाऊन विचारी. पहिले तीन धरले. मग आणखी दोन धरले ते पिवळे पडून गळले, आणि घड्याळजींनी ते मला भिंतीवर आणून दाखवले. मग एकदम पाच. नववा झाला. दहावा झाला, आणि त्यांनी मला तो भिंग लावून पाहू दिला.

अकरावा धरला तो वेलाचा शेंडा भिंत ओलांडून आमच्या कांचनाखाली आल्यावर. बटणाला वाटले फिटले. घड्याळजीही, वेल माझाच आहे, चालेल म्हणाले. मी मानले नाही. माझ्याच अंगणात धरलेले फळ देऊन मी देणे फेडले म्हणवून घेणार नाही. सूनबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर नऊ दिवस एकही मादीचे फूल उमलले नाही. दहाव्या दिवशी एक उमलले. मी आणि घड्याळजी दोन बाजूंनी उभे राहून पाहत होतो. एक भुंगा आला, आत गेला, अंगभर पिवळा होऊन निघाला. आठवड्याने त्यांनी मला बोलावून घेतले. फूल सुकून गळले होते. मागे लिंबाएवढे फळ, देठ हिरवा आणि ताठ. मी बोट लावून पाहिले, हलले नाही.

"आता माझं काही येणं नाही," घड्याळजी म्हणाले.

मी त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावले, आणि बटणाला हाक मारून त्याच्या देखत तिसऱ्यांदा.