काचेची भानामती

"चावी फिरवा! यंत्र जागं झाल्याबिगर भानामती बोलत न्हाई!"

झारीबाबानं हुकूम सोडला आणि व्यंकटरावानं गाडीची चावी फिरवली. मुखेडपासून दोन कोसांवरच्या टाकळीत, भर दुपारी, पाराभोवती तीनशे माणसं उन्हात उभी होती. आठ दिवसांपूर्वी याच पारावर नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा झाली, तिला चाळीससुद्धा जमली नव्हती. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, टाकळीत आठवड्याला दोन टँकर. तरी बाबा झारीतलं पाणी गाडीच्या दारावर ओततोय, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

"सूर्य साक्षी, चंद्र साक्षी, बाराच्या बाराही राशी साक्षी! ज्यानं काच चढवली, त्याच्या नावाला काच चढंल!"

गर्दीच्या पुढं भीमा उभा होता. मुखेडच्या स्टँडजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. साक्षीदार म्हणून त्याला बोलावून आणलं होतं. दहा दिवसांपूर्वी या गाडीची मागची काच आपोआप चढली आणि व्यंकटरावाची आई सरजाबाई हिची तीन बोटं चिरडली. एक बोट डॉक्टरांना कापावंच लागलं. दोन दिवसांनी गाडी भीमाकडं आली. दुकानात गिऱ्हाइकांची घाई. त्यानं फ्यूज पाहिला, बटन दहा वेळा दाबलं, काच सरळ खालीवर झाली. "काही दोष न्हाई मालक," म्हणून त्यानं गाडी लावून दिली.

"मिस्त्री, सांग लोकांना," बाबा म्हणाला, "घावला का दोष?"

"मला तवा तरी दिसला न्हाई."

"ऐकलं? मिस्त्रीला घावंना, म्हंजे दोष लोखंडात न्हाई. दोष माणसात हाय!"

बाबानं ड्रायव्हरच्या उघड्या दारावर आतून धार धरली आणि गावातल्या बायकांची नावं एकेक पुकारू लागला. "चांगुणा!" काच हलली नाही. पुन्हा धार. "नागुबाई!" काही नाही. तिसऱ्यांदा त्यानं झारी पार उलटी केली. "केवळाबाई!"

खर्रकन मागची काच वर गेली.

केवळाबाई एकटी राहणारी विधवा. टँकरच्या रांगेत नंबरावरून तिचं आणि सरजाबाईचं भांडण झालेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं. घागर घेऊन ती मागंच उभी होती. ती काही बोलायच्या आत कुणीतरी तिचे केस धरले. घागर फुटली. तिला फरफटत गाडीपुढं आणलं आणि लाथा सुरू झाल्या. कालपर्यंत तिला मावशी म्हणणाऱ्या पोरांनी दगड उचलले. व्यंकटरावाच्या भावानं काठी घातली. ती तिनं हातावर झेलली. हाड मोडल्याचा आवाज भीमाला स्पष्ट ऐकू आला.

"म्या न्हाई केलं रं! देवाची शपथ!"

काच मात्र खालीवर नाचत होती आणि दर नाचाला गर्दीला चेव चढत होता. भीमाची नजर ड्रायव्हरच्या दारावरच्या, चारी काचांच्या बटनांच्या पाटीवर खिळली. तिच्या फटींत पाणी साचलं होतं. फटीच्या कडेला पांढरी रेघ. ती त्यानं दुकानातही पाहिली होती आणि धूळ समजून सोडून दिली होती. ती धूळ नव्हती, खाऱ्या पाण्याचा क्षार होता.

तो गर्दीत घुसला. एक दगड त्याच्या भुवईवर बसला, डोळ्यात रक्त उतरलं. दोघांनी त्याला खाली पाडून तुडवलं. गाडीखालून सरपटत तो पलीकडच्या दारानं आत शिरला आणि त्यानं चावी उपसून काढली.

काच अर्ध्यावर थांबली. गर्दीही दचकून थांबली.

"बाबा," भीमा धापा टाकत म्हणाला, "चावी माझ्या हातात हाय. आता घ्या नाव. चढवा काच!"

"भानामती... भानामती घाबरली."

"चावीला घाबरती व्हय?" भीमानं चावी पुन्हा लावली. बटनांवरचं पाणी तोवर ओघळून गेलं होतं, काच शांत होती. गाडीतल्या बाटलीतलं पाणी त्यानं बटनांवर सोडलं. "घेतो नाव. भीमा! व्यंकटराव! झारीबाबा!"

खर्रकन काच चढली. बाबाच्या नावाला.

कुणी हसलं नाही. भीमानं बॅटरीची वायर सोडली. फडकं गुंडाळलेल्या पेचकसानं दारावरची पाटी उचकटली, वायरींचा सॉकेट ओढला आणि स्विच उघडून साऱ्यांपुढं धरला. आत तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा गंज चढला होता.

"मालक, गाडीत पाण्याचे क्यान आणता?"

"बोरचं आणतो," व्यंकटराव पुटपुटला. "म्हातारीची बोटं सापडली, त्या दिवशी एक क्यान ड्रायव्हरच्या दारावर सांडला होता."

"खारं पाणी आत गेलं. ओलं असलं की करंट इकडून तिकडं पळतो, बटन न दाबता काच चढती. वाळलं की गप. माझ्याकडं आली तवा वाळली होती."

जुन्या ब्रशनं आणि पेट्रोलनं त्यानं पट्ट्या घासल्या, स्विच उन्हात वाळवला, परत बसवला. काच बटनाला चढली, बटनालाच उतरली. मग गर्दी बाबाकडं वळली. तीच काठी, तेच दगड.

"थांबा!" भीमा आडवा झाला. "ह्याला पोलिसांच्या हवाली करा. जादूटोण्याच्या इरुद्ध कायदा हाय. चूक माझीबी हाय. मी स्विच न उघडता 'दोष न्हाई' बोललो. 'समजलं न्हाई' म्हणायची लाज वाटली मला. ह्यानं ती लाज बाजारात विकली. एखादी गोष्ट समजंना, तर उघडून बघा, इचारा, थांबा. पण माणसावर हात टाकू नका!"

ज्याच्या हातात काठी होती, त्यानं ती हळूच मागं लपवली.

मुखेडच्या दवाखान्यात केवळाबाईच्या हाताला प्लास्टर घातलं. बाबाला ताब्यात घेतलेले पोलीस तिचा जबाबही घेऊन गेले. मारणाऱ्या सात जणांची नावं तिनं न अडखळता सांगितली. भीमा भुवईला टाके घालून तिच्या खाटेजवळ बसला होता.

"मावशी, माझ्यामुळं..."

"तू कबूल तरी केलंस," ती म्हणाली. प्लास्टरचा हात तिनं उशीवर सरकवला. मग हळूच बोलली, "खरं सांगू? चांगुणाचं नाव पुकारलं, तवा मीबी काचंकडंच बघत हुते. तिच्या नावाला चढली असती, तर दगड मीबी उचलला असता का रं?"

भीमाचा हात भुवईवरच्या टाक्यांवर गेला. या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं आहे, आणि दगड हातात येण्याआधी द्यायचं आहे.